कोणत्या नावाने शोधाल?

जवाहरलाल नेहरूंनी आपलं आत्मचरित्र इंग्रजीतच लिहिलं. त्यामुळे त्याचं इंग्रजी नाव काय, हा प्रश्न पडायला नको. तरीही तो पडतो. लंडनच्या ‘जॉन लेन, द बॉडली हेड’ने १९३६ साली ते छापलं तेव्हा नाव होतं ‘अ‍ॅन ऑटोबायोग्राफी’, आणि त्याला भारतातल्या अलीकडच्या घटनांवरील चिंतनाचा उल्लेख करणारं लांबट उपशीर्षक जोडलेलं होतं. पाच वर्षांनी, १९४१ मध्ये, न्यूयॉर्कच्या ‘जॉन डे’ या प्रकाशनसंस्थेने तेच आत्मचरित्र अमेरिकन वाचकांपुढे ठेवलं ते ‘टुवर्ड फ्रीडम’ या नावाने. आज जुन्या ग्रंथालयांत दोन्ही सापडतात. एखादा वाचक दोन्ही घरी नेतो आणि नेहरूंनी दोन आत्मचरित्रं लिहिली अशी त्याची समजूत होते. ती अगदीच चूक नाही, कारण अमेरिकन आवृत्ती लंडनच्या आवृत्तीची नक्कल नव्हती. काही मजकूर कापला होता, काही नव्याने घातला होता. पण हा फरक सांगायचा कोणी? नावावरून तो कळत नाही.

राजकीय नेत्यांच्या आत्मकथनांचा मराठी वाचकाला परिचय करून द्यावा, एवढाच या पुस्तकाचा हेतू आहे. त्यातली काही पुस्तकं मराठीत लिहिली गेली, काही गुजराती, हिंदी, फ्रेंच किंवा रशियन भाषांत. परकी पुस्तकं आपण बहुतेक इंग्रजीतूनच वाचतो, आणि आपली पुस्तकं बाहेरचा वाचक इंग्रजीतूनच वाचणार. म्हणून प्रत्येक परिचयाच्या डोक्यावर मूळ नावाबरोबर इंग्रजी नावही द्यायचं ठरलं. हे पान वाचून कोणाला मूळ पुस्तक मिळवावंसं वाटलं तर त्याने ग्रंथपालाला किंवा दुकानदाराला कोणतं नाव सांगायचं, हे त्याला समजलं पाहिजे. गरज इतकी व्यवहारी आहे. मात्र नाव निवडताना पुस्तकाचा सगळा इतिहास समोर येतो, आणि तो न सांगता नाव देणं म्हणजे वाचकाला अर्धवट पत्ता देणं. प्रस्तावना लांबली ती त्यामुळे.

नेहरूंचंच उदाहरण थोडं पुढे नेतो. ते आत्मचरित्र त्यांनी जून १९३४ ते फेब्रुवारी १९३५ या काळात, जवळजवळ सगळं तुरुंगात बसून लिहिलं. पुस्तक छापून येण्याच्या तोंडावर, २८ फेब्रुवारी १९३६ रोजी, कमला नेहरूंचं लोझानला निधन झालं. परतीच्या विमानप्रवासात बगदादहून नेहरूंनी प्रकाशकाला तार करून अर्पणपत्रिका कळवली. त्या पुस्तकात जो एकटा, स्वतःलाच प्रश्न विचारणारा माणूस भेटतो, त्याला ‘अ‍ॅन ऑटोबायोग्राफी’ हे अगदी साधं, काहीसं संकोची नाव शोभतं. अमेरिकेत १९४१ साली परिस्थिती निराळी होती. युद्ध पेटलेलं होतं, हिंदुस्थानच्या बाजूने अमेरिकन लोकमत तयार करायचं होतं, आणि प्रकाशक होते रिचर्ड वॉल्श, म्हणजे पर्ल बक यांचे पती. तिथे नेहरू नावाच्या माणसापेक्षा हिंदुस्थानचा लढा हा विषय मोठा होता, म्हणून नाव लढ्याचं झालं. ते वाईट नाही, पण नेहरूंच्या लेखनाचा स्वर त्यात नाही. या पुस्तकात आम्ही लंडनचं नाव वापरलं आहे.

‘टुवर्ड फ्रीडम’ न वापरण्याचं दुसरं कारण अधिक कोरडं आहे. भारतीय इतिहास संशोधन परिषदेने सत्तांतरापूर्वीच्या दशकातली कागदपत्रं ‘टुवर्ड्‌स फ्रीडम’ या नावाच्या खंडांत संपादित करवून घेतली. एका ‘स्’ने वेगळं असलेलं हे नाव टाइप करून शोधलं तर आधी ते जाडजूड खंड पुढ्यात येतात आणि नेहरू कुठेतरी मागे राहतात. नाव निवडताना असल्या गोष्टींचाही विचार करावा लागतो.

हिंदीत हरिभाऊ उपाध्यायांनी या आत्मचरित्राला ‘मेरी कहानी’ म्हटलं. मला ते दोन्ही इंग्रजी नावांपेक्षा जवळचं वाटतं.

गांधीजींच्या पुस्तकाची हकीकत याहून गुंतागुंतीची आहे, आणि आपल्याला अधिक महत्त्वाचीही. स्वामी आनंदांच्या आग्रहावरून नोव्हेंबर १९२५ पासून ‘नवजीवन’मध्ये ते गुजरातीत हप्त्याहप्त्याने छापलं जाऊ लागलं. लागोपाठ ‘यंग इंडिया’त त्याचं इंग्रजी रूपांतर येत राहिलं. रूपांतर महादेवभाई देसाईंचं. अखेरच्या भागातली काही प्रकरणं प्यारेलाल यांची. गुजराती नाव होतं ‘सत्यना प्रयोगो अथवा आत्मकथा’. आधी प्रयोग, मग ‘अथवा’, मग आत्मकथा. हा क्रम सहज आलेला नाही. मला खरं तर आत्मकथा लिहायचीच नाही, मी सत्याचे जे प्रयोग केले त्यांची हकीकत सांगायची आहे, असं गांधीजी प्रस्तावनेत सांगतात. आत्मकथा लिहिणं ही पश्चिमेची रीत आहे, पूर्वेकडे ती कोणी पाळलेली दिसत नाही, हा एका धर्मभीरू मित्राचा आक्षेपही ते तिथेच नोंदवतात. म्हणजे पुस्तकाच्या दारावरच लेखक सांगतो, की दुसरं नाव मी नाइलाजाने लावतो आहे.

इंग्रजीत हे पुस्तक दोन खंडांत आलं, १९२७ आणि १९२९ मध्ये, ‘द स्टोरी ऑफ माय एक्सपेरिमेंट्स विथ ट्रुथ’ या नावाने. गुजराती नावाचा पहिला अर्धा भाग इथे मुख्य नाव झाला. गांधीजींचा आशय पाहता हे योग्यच होतं. ‘यंग इंडिया’तलं भाषांतर गांधीजींच्या नजरेखालून गेलेलं होतं, हे महादेवभाईंनी नोंदवून ठेवलं आहे. मग १९४० साली स्वस्त आवृत्ती काढायची वेळ आली. एक रुपयात मिळणाऱ्या गुजराती पुस्तकाच्या पाच आवृत्त्या झाल्या होत्या, जवळजवळ पन्नास हजार प्रती खपल्या होत्या, आणि इंग्रजी पुस्तक मात्र सामान्य भारतीय वाचकाच्या खिशाला परवडत नव्हतं. या नव्या आवृत्तीत भाषा तपासून घेतली गेली आणि नाव झालं ‘अ‍ॅन ऑटोबायोग्राफी ऑर द स्टोरी ऑफ माय एक्सपेरिमेंट्स विथ ट्रुथ’. गुजरातीत मागे असलेली आत्मकथा इंग्रजीत पुढे येऊन बसली. ‘अथवा’ शिल्लक राहिला, पण त्याच्या दोन बाजूंची जागा बदलली.

याच्या मधल्या काळात, १९३० साली, सी. एफ. अ‍ॅण्ड्र्यूज यांनी पाश्चात्त्य वाचकासाठी याच लेखनाचा संक्षेप तयार केला होता. त्याचं नाव ‘महात्मा गांधी : हिज ओन स्टोरी’. गांधीजींच्या निधनानंतर १९४८ साली वॉशिंग्टनहून जी आवृत्ती निघाली ती ‘गांधीज ऑटोबायोग्राफी’ या नावाची, प्रयोग उपशीर्षकात. १९५७ मध्ये बॉस्टनच्या ‘बीकन प्रेस’ने ‘ऑर’ काढून तिथे विसर्गचिन्हासारखे दोन ठिपके दिले : ‘अ‍ॅन ऑटोबायोग्राफी : द स्टोरी ऑफ माय एक्सपेरिमेंट्स विथ ट्रुथ’. अमेरिकेत कित्येक वर्षं विद्यार्थ्यांच्या हाती तेच पुस्तक पडलं आहे.

‘अथवा’ जाऊन दोन ठिपके आले, तर एवढं काय बिघडलं? माझ्या मते बरंच बिघडलं. ‘अथवा’मध्ये दोन्ही नावं समान तोलाची असतात, कोणतं घ्यायचं ते वाचकावर सोपवलेलं असतं, आणि लेखकाची कुचंबणाही त्यातून दिसते. ठिपक्यांनंतर येतं ते उपशीर्षक, म्हणजे आधीच्या नावाचं स्पष्टीकरण. ज्या गोष्टीवरून गांधीजी स्वतःशी वाद घालत होते, तो वाद मुद्रकाच्या एका चिन्हाने मिटवून टाकला. त्रिदीप सुहृद यांनी २०१८ मध्ये मूळ गुजरातीशी ताडून जी चिकित्सक आवृत्ती तयार केली, तिच्या नावात ‘ऑर’ आहे. आम्हीही १९४० चं पूर्ण नाव घेतलं आहे. ते गांधीजी आणि महादेवभाई दोघेही हयात असताना, नवजीवनकडूनच निघालेलं नाव आहे. क्रम उलटा असला तरी ‘अथवा’ त्यात आहे.

मराठीत हा प्रश्न उद्भवलाच नाही. सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन, म्हणजे कोकणातले अप्पासाहेब पटवर्धन, यांनी केलेला अनुवाद ‘सत्याचे प्रयोग अथवा आत्मकथा’ या नावाने आला. क्रम गुजरातीचा, ‘अथवा’ जागच्या जागी. अप्पासाहेबांना यासाठी वेगळी शाबासकी द्यायला नको. सख्ख्या भाषांमध्ये नाव सुखरूप पोचतं, एवढंच त्यातून दिसतं.

आता आपल्याकडचं पुस्तक. विनायक दामोदर सावरकरांचं ‘माझी जन्मठेप’ १९२७ साली पुस्तकरूपाने आलं. दोन जन्मठेपा एकीपुढे एक, मिळून पन्नास वर्षं, अशी शिक्षा घेऊन ४ जुलै १९११ रोजी अंदमानात पोचलेल्या कैद्याची ही हकीकत. प्रा. व्ही. एन. नाईक यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद १९५० साली मुंबईच्या ‘सद्भक्ती पब्लिकेशन्स’ने काढला. नाव ‘द स्टोरी ऑफ माय ट्रान्सपोर्टेशन फॉर लाइफ’. नंतरच्या आवृत्त्यांनी सुरुवातीचे शब्द गाळले आणि ‘माय ट्रान्सपोर्टेशन फॉर लाइफ’ एवढंच ठेवलं. आज दुकानात मागायचं तर हे दुसरं, आखूड नावच सांगावं लागतं.

या नावाला नाकं मुरडणारे पुष्कळ भेटतात. ‘ट्रान्सपोर्टेशन’ म्हटलं की आजच्या पोरांच्या डोळ्यांपुढे एसटी आणि मालवाहू ट्रक येतात. त्याऐवजी ‘लाइफ सेन्टेन्स’ म्हणा, ‘लाइफ इम्प्रिझनमेंट’ म्हणा, निदान ‘काला पानी’ म्हणा, अशा सूचना येतात. शेवटची तर घ्यायचीच नाही, कारण सावरकरांची ‘काळे पाणी’ नावाची कादंबरी आहे आणि दोन्हींची सरमिसळ आधीच पुरेशी होते. बाकीच्या दोन सूचनांवर थोडं बोलायला हवं.

‘ट्रान्सपोर्टेशन फॉर लाइफ’ हे भाषांतरकाराने शोधलेलं नाव नाही. भारतीय दंडसंहितेतल्या शिक्षेचं ते अधिकृत नाव होतं. फाशीच्या खालोखाल ती शिक्षा. कैद्याला समुद्रापार नेणं हा तिचा गाभा होता. १९५५ च्या सव्विसाव्या अधिनियमाने दंडसंहितेतून हे शब्द काढून तिथे ‘इम्प्रिझनमेंट फॉर लाइफ’ घातलं आणि १ जानेवारी १९५६ पासून ते लागू झालं. सावरकरांना जी शिक्षा झाली ती पहिली, दुसरी नव्हे. पुस्तकाला ‘लाइफ इम्प्रिझनमेंट’ म्हटलं तर १९११ साली अस्तित्वात नसलेली शिक्षा त्यांच्या माथी मारल्यासारखं होईल. गंमत अशी, की इथे इंग्रजी नाव मराठी नावापेक्षा अधिक सांगतं. ‘जन्मठेप’ या शब्दात आयुष्य आहे, अडकवून ठेवणं आहे. समुद्र त्यात नाही. पुस्तकभर जो समुद्र बंदिवानाला घेरून आहे, तो इंग्रजी नावात आहे. १९५० साली हे नाव देणाऱ्यांना ते पक्कं ठाऊक असणार, कारण कायद्यात तोवर तीच शिक्षा होती.

आम्ही पहिल्या आवृत्तीचं पूर्ण नाव दिलं आहे आणि त्याखाली आजचं आखूड नाव. सावरकरांच्या राजकारणाविषयी वाचकांची मतं काहीही असोत, हे पुस्तक शोधणाऱ्या प्रत्येकाला ते सापडलं पाहिजे.

गोदावरी परुळेकरांच्या बाबतीत मात्र इंग्रजी नावाने पुस्तकाचं जवळजवळ नुकसान केलं. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक मौज प्रकाशन गृहाने १९७० साली काढलं आणि १९७२ चा साहित्य अकादमीचा पुरस्कार त्याला मिळाला. डहाणू, तलासरी, उंबरगाव या पट्ट्यात, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, जमीनदार वारल्यांकडून फुकट राबवून घेत. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको दोघंही आयुष्यभर सावकाराचे गुलाम होत, त्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. १९४५ च्या आरंभी टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, आणि त्यानंतर गोदावरीबाई आणि श्यामराव परुळेकर या भागात येऊन राहिले. वेठबिगार बंद झाली, लग्नगडी सुटले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात पाच माणसं मेली. ही हकीकत ज्यांनी प्रत्यक्ष भोगली त्यांची आहे. तरीही बाईंनी पुस्तकाला आपलं नाव दिलं नाही, वारल्यांचंही दिलं नाही. ‘माणूस’ हा शब्द त्यांनी निवडला, कारण ज्याला जमीनदार माणूस मानत नव्हते त्याचं माणूस म्हणून उभं राहणं त्यांना सांगायचं होतं.

१९७५ साली कलकत्त्याच्या ‘नॅशनल बुक एजन्सी’ने इंग्रजी पुस्तक काढलं. नाव ‘आदिवासीज रिव्होल्ट’, उपशीर्षक ‘द स्टोरी ऑफ वारली पेझंट्स इन स्ट्रगल’. प्रकाशनसंस्था कम्युनिस्ट चळवळीतली होती. तिचा वाचक चळवळीतला किंवा चळवळीचा अभ्यास करणारा. त्या वाचकाला कोण, कुठे आणि काय ते मुखपृष्ठावरच कळलं पाहिजे, हा हिशेब मला समजतो. नाव माहिती अचूक देतं. पण मौजेच्या पुस्तकाशेजारी ते ठेवलं की दोन वेगळी पुस्तकं वाटतात. मराठीत ते साहित्याच्या कपाटात गेलं, इंग्रजीत किसान चळवळीच्या. परिणाम असा, की भारतीय स्त्रियांच्या आत्मकथनांवर लिहिणाऱ्या इंग्रजी अभ्यासकाला ते पटकन सापडत नाही, आणि वारली उठावावर लिहिणाऱ्याला ते एका स्त्रीचं आत्मकथन आहे हे लक्षात येत नाही. साहित्य अकादमीच्या लेखी मात्र ते आत्मकथन आहे.

भरीस भर म्हणून इंग्रजी लेखांत या पुस्तकाचा उल्लेख करताना कंसात ‘द अवेकनिंग ऑफ मॅन’ असं शब्दशः नाव लिहिण्याची पद्धत पडली आहे. मराठी नावाचा अर्थ सांगायला ते ठीक. पण वाचणारा ते इंग्रजी पुस्तकाचं नाव समजतो आणि त्या नावाचं पुस्तक शोधत राहतो. मराठीतल्या शेकडो पुस्तकांच्या वाट्याला हे आलं आहे. आपण हौसेने नावाचा इंग्रजी अर्थ देतो, तो तिरप्या अक्षरांत छापला जातो, आणि जे पुस्तक कधी निघालंच नाही ते संदर्भसूचीत जाऊन बसतं. म्हणून इथे एक नियम काटेकोर पाळला आहे : इंग्रजीत जे पुस्तक छापलं गेलेलं नाही, त्याला आम्ही इंग्रजी नाव दिलेलं नाही. आणि गोदावरीबाईंचं पुस्तक, मन नाराज असूनही, ‘आदिवासीज रिव्होल्ट’ म्हणूनच नोंदवलं आहे. नाव आवडत नाही म्हणून बदलायचा अधिकार परिचयकाराला नाही.

परदेशी पुस्तकांचं थोडक्यात सांगतो. शार्ल द गॉल यांच्या युद्धकाळातल्या आठवणींचा पहिला खंड १९५४ साली आला. फ्रेंचमध्ये त्याचं नाव नुसतं ‘लापेल’, म्हणजे हाक किंवा आवाहन. १८ जून १९४० रोजी लंडनच्या रेडिओवरून द गॉल यांनी फ्रेंचांना जे आवाहन केलं, ते त्या एका शब्दात प्रत्येक फ्रेंच माणसाला ऐकू येतं. इंग्रजीत तो खंड ‘द कॉल टु ऑनर’ झाला. इंग्रज वाचकाला ती तारीख पाठ नसते, त्यामुळे सन्मानाचा उल्लेख जोडावा लागला असावा. पुढच्या दोन खंडांना, ‘युनिटी’ आणि ‘साल्व्हेशन’ना, असा आधार लागला नाही.

निकिता ख्रुश्चॉव यांचं प्रकरण वेगळंच. पदच्युत झाल्यावर त्यांनी टेपवर सांगितलेल्या आठवणी पश्चिमेत पोचल्या आणि १९७० साली ‘ख्रुश्चॉव रिमेम्बर्स’ या नावाने बाहेर आल्या. अनुवाद स्ट्रोब टॅलबट यांचा. आपण कोणत्याही प्रकाशकाकडे आठवणी दिल्या नाहीत, अशा निवेदनावर ख्रुश्चॉव यांची सही मॉस्कोने त्याच सुमारास मिळवली. अशा वेळी मुखपृष्ठावर तिसऱ्या माणसाने सांगितल्यासारखं नाव असणं सोयीचं होतं, असं मला वाटतं. १९७४ मध्ये दुसरा खंड ‘द लास्ट टेस्टामेंट’, १९९० मध्ये तिसरा ‘द ग्लासनोस्त टेप्स’. मग मुलगा सर्गेई यांच्या संपादनाखाली पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटी प्रेसने २००४ पासून तीन मोठे खंड काढले : ‘मेमॉयर्स ऑफ निकिता ख्रुश्चॉव’. ही एकाच पुस्तकाची दोन नावं नव्हेत. मजकूर, क्रम, व्याप्ती, सगळंच वेगळं आहे. म्हणून इथे दोन्हींची नोंद स्वतंत्र केली आहे, आणि परिचय लिहिणाऱ्याने कोणतं वाचून लिहिलं तेही सांगितलं आहे.

मौलाना आझादांचं पुस्तक याच्या अगदी उलट. ‘इंडिया विन्स फ्रीडम’ हे १९५९ सालचं इंग्रजी नाव मूळच आहे, कारण आझाद उर्दूत बोलत आणि हुमायून कबीर ते इंग्रजीत लिहीत. छापील पुस्तक आधी इंग्रजीत झालं, उर्दूत ते ‘हमारी आज़ादी’ म्हणून नंतर आलं. ज्या माणसाची उर्दू ऐकायला लोक तिष्ठत असत, त्याचं मूळ पुस्तक इंग्रजी ठरावं, याला इलाज नाही. तीस पानं मोहोरबंद ठेवली होती, ती १९८८ मध्ये उघडली. तेव्हा पूर्ण आवृत्तीही याच नावाने निघाली. म्हणून या नोंदीत वर्ष दिल्याशिवाय नाव दिलेलं नाही.

शेवटी आपल्या अलीकडच्या नेत्यांकडे येतो. यशवंतराव चव्हाणांचं ‘कृष्णाकाठ’ हे नाव इंग्रजीत नेण्याच्या भानगडीत आम्ही पडलो नाही. कऱ्हाड-सांगलीकडच्या माणसाला ‘काठ’ म्हटलं की पेरणी, पूर आणि गावची जत्रा आठवते. परक्या वाचकाला ‘कृष्णा’ म्हटल्यावर देव आठवेल. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी यशवंतराव गेले आणि पुढचे योजलेले खंड अपुरे राहिले, त्यामुळे तीन खंडांना मिळून एक नाव देण्याचा प्रश्नही उरला नाही.

शरद पवारांच्या बाबतीत मात्र दोन्ही नावं अधिकृत आहेत. डिसेंबर २०१५ मध्ये, पंचाहत्तरीच्या निमित्ताने, मराठी आणि इंग्रजी पुस्तकं एकाच सुमारास आली. मराठीत राजहंस प्रकाशनाचं ‘लोक माझे सांगाती’, इंग्रजीत ‘स्पीकिंग टायगर’चं ‘ऑन माय टर्म्स’. मराठी नाव वाचताना वारकरी कानाला ‘सांगाती’ या शब्दात तुकोबा ऐकू येतात, आणि सगळं श्रेय लोकांकडे जातं. इंग्रजी नावात लोक नाहीतच. ‘माझ्या अटींवर’ चालणारा एकटा नेता तिथे आहे. पवारांच्या विरोधकांना दुसरं नाव अधिक खरं वाटेल आणि समर्थकांना पहिलं. मला वाटतं, हा एकच माणूस आहे, आणि बारामतीच्या मतदारापुढे व दिल्लीच्या दिवाणखान्यात त्याने स्वतःच दोन वेगळ्या चेहऱ्यांनी जायचं ठरवलं. म्हणून या नोंदीत दोन्ही नावं शेजारी शेजारी, सारख्याच अक्षरांत आहेत. २ मे २०२३ रोजी मुंबईच्या यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानमध्ये मराठी पुस्तकाच्या वाढीव आवृत्तीचं प्रकाशन झालं. त्याच मंचावर पवारांनी पक्षाध्यक्षपद सोडत असल्याचं जाहीर केलं आणि तीन दिवसांनी ते मागे घेतलं. तेव्हा इंग्रजी वृत्तपत्रांनीही ‘लोक माझे सांगाती’ हेच नाव रोमन लिपीत छापलं. दुसरं करणार तरी काय? त्या नव्या आवृत्तीसाठी ‘ऑन माय टर्म्स’ म्हणणं चूकच ठरलं असतं.

इतकी उदाहरणं पाहिल्यावर माझं मत असं झालं आहे, की राजकीय आत्मकथनाचं ‘बरोबर’ इंग्रजी नाव शोधायचंच नसतं. ते कोणी, कोणत्या साली, कोणासाठी ठेवलं, हे शोधायचं असतं. गांधीजींचा अपवाद सोडला तर लेखकाच्या हयातीत, त्याच्या संमतीने आलेलं पहिलं इंग्रजी नाव आम्ही पसंत केलं. ते नसेल तर पहिल्या छापील अनुवादाचं. मजकूर बदलला असेल तर नवी नोंद. आणि अनुवादच नसेल तर मूळ मराठी नाव, देवनागरीत, तसंच. नेहरू, गांधी, सावरकर यांच्या समर्थकांना यातला एखादा निर्णय खटकेल. खटकला तरी चालेल, पण आमच्या यादीवर विसंबून कोणी चुकीचं पुस्तक विकत घेऊ नये.

मराठी प्रकाशकांना एक विनंती. अनुवादित आत्मचरित्राच्या आतल्या पानावर मूळ पुस्तकाचं नाव, वर्ष आणि कोणत्या आवृत्तीवरून अनुवाद केला ते छापा. दोन ओळींचं काम आहे, आणि कित्येक अनुवादांत त्या दोन ओळी नसतात. वाचकांनाही सांगणं आहे. गोदावरी परुळेकरांच्या १९७५ च्या किंवा सावरकरांच्या १९५० च्या इंग्रजी आवृत्तीची प्रत घरात असेल तर ती रद्दीत देऊ नका, जवळच्या ग्रंथालयाला द्या. आणि देताना नोंदवहीत नाव लिहून घ्याल ते मुखपृष्ठावरचं नव्हे, आतल्या शीर्षकपृष्ठावरचं.